थंडीच्या कॅम्पिंगसाठी घोंगडी, मांजरपाट आणि पेंढा: एकाच वस्तूकडून तीन कामं कशी करून घ्यायची

प्रश्न थोडक्यात असा आहे की जानेवारीत सह्याद्रीत दोन रात्री उघड्यावर काढायच्या आहेत, सामान सगळं पाठीवर न्यायचंय, नायलॉन-पॉलिस्टर शक्यतो नको, लोकर, सुती कापड, बांबू, अंबाडी असल्या मालातून गिअर स्वतः डिझाइन करायचंय, आणि नैसर्गिक माल जड असतो म्हणून प्रत्येक वस्तूने दोन-तीन कामं केली पाहिजेत. जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

जमतं. मी बरीच वर्षं सॅक आणि टार्प (छप्पर म्हणून ताणून बांधायचं कापड) शिवतोय, घोंगडी घेऊन डोंगरात झोपतोय, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेच सांगतो.

आधी डिझाइनचं बोलू, माल नंतर. एका वस्तूची तीन कामं कागदावर लिहिणं फार सोपं असतं. घोंगडी पांघरूण होईल, छप्परही होईल, खाली अंथरायलाही होईल, झाली की तीन कामं! पण रात्री दोन वाजता ही तिन्ही कामं एकदमच लागतात आणि घोंगडी एकच असते. म्हणून माझा नियम एकच आहे, वस्तूची कामं वेगवेगळ्या वेळी आली पाहिजेत. कागदावर चार रकाने पाडा, चालतानाचा, मुक्कामाला पोचल्यानंतरच्या संध्याकाळचा, झोपेचा आणि पहाटेचा. मग एकेक वस्तू घेऊन प्रत्येक रकान्यात ती कुठे आहे ते लिहा. एकाच रकान्यात एका वस्तूच्या नावावर दोन कामं आली तर त्यातलं एक काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल, आणि जी वस्तू तीन रकान्यांत नुसती ओझं म्हणून पडून आहे तिच्याकडे संशयाने बघा. हे एवढं जरी नीट केलंत ना तरी निम्मं डिझाइन झालं, बाकी शिवणकाम आहे.

आता आपली थंडी. सह्याद्रीतला हिवाळा कोरडा असतो, बर्फ नाही, पाऊस सहसा नाही (अवकाळीचं बोलतो पुढे). कळसूबाई १६४६ मीटर, बाकीचे बरेचसे गड हजार ते चौदाशे मीटरच्या आसपास, तिथे जानेवारीत पहाटे ५ ते १० अंश धरून चाला. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या जवळजवळ दरवर्षी येतात आणि निफाडला पारा ५ च्या खाली जातो, म्हणजे उंचावर गेलं की थंडी वाढते असं सरळ गणित नाहीये. थंड हवा जड असते, ती रात्री उताराने खाली वाहते आणि खोलगट जागेत साचते, त्यामुळे ओढ्याच्या काठची सपाट गवताळ जागा दिसायला कितीही छान असली तरी तिथे झोपू नका, पंधरा-वीस मीटर वर चढा, फरक अंगाला कळतो. तसंच कड्याच्या टोकावर नको, तिथे वारा.

आपल्याकडे माणूस गारठतो तो चार कारणांनी. जमीन खालून ऊब ओढते. उघडं आकाश वरून ओढतं, म्हणजे निरभ्र रात्री तुमचं पांघरूण आपली ऊब आकाशाकडे सोडत राहतं, हवेपेक्षाही गार होतं आणि मग त्यावर दव बसतं. तिसरा वारा. आणि चौथा स्वतःचा घाम, चढून आल्यावर ओला झालेला टीशर्ट सूर्य मावळल्यावर बर्फासारखा लागतो. गिअर डिझाइन करताना या चौघांपैकी कुणासाठी काय हे प्रत्येक वस्तूपुढे लिहा. खूप जण सगळा पैसा आणि सगळं वजन पांघरुणात घालतात आणि खाली एक पातळ चटई, मग रात्रभर कुशी बदलत बसतात. सह्याद्रीत खालची बाजू आधी, पांघरूण नंतर.

घोंगडीपासूनच सुरुवात करू, कारण या सगळ्याचं केंद्र तीच आहे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, स्वेटरसाठी काही कामाची नाही, म्हणून बाजारात तिला भाव नाही आणि पुष्कळदा ती नुसती फेकून दिली जाते, याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण पांघरुणासाठी हाच राठपणा उपयोगी आहे. जाड केस सहज चेपत नाही, आत हवा धरून ठेवतो, आणि लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषून घेते तरी हाताला ओली लागत नाही, शोषताना थोडी उष्णतासुद्धा सोडते. दवाच्या रात्री हे फार मोलाचं. शिवाय ठिणगी पडली तर लोकर जागच्या जागी काळी होऊन विझते, नायलॉनसारखी वितळून कातडीला चिकटत नाही.

घोंगडी सनगर लोक खड्ड्याच्या मागावर विणतात, ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, त्यामुळे नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक असते. ती तशीच ट्रेकला नेऊ नका. गार पाण्यात भिजवून खळ काढा, पायाने तुडवा, सावलीत वाळवा, असं दोन-तीनदा. यात ती थोडी आटते आणि वीण घट्ट होते, तेच हवंय, वारा कमी घुसतो. गरम पाणी आणि वॉशिंग पावडर अजिबात नको, लोकरीवरचं तेल निघून जातं आणि तेच तेल भुरभुर पाऊस थोपवतं.

विकत घेताना जपून. घोंगडी म्हणून ॲक्रिलिक मिसळलेला मिलचा माल सर्रास विकला जातो. कडेचा एक धागा मागून घ्या आणि जाळून बघा, लोकर केस जळल्यासारखी वास देते आणि राख बोटात चुरगळते, ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत किंवा थेट विणकराच्या घरी घेतलीत तर पैसेही योग्य हातात जातात. आकार साधारण साडेचार फूट रुंद, आठ-नऊ फूट लांब, वजन दोन ते अडीच किलो, यापेक्षा जड घेऊ नका, पाठीवर न्यायचीय. आणि वजन दुकानदाराला विचारू नका, काट्यावर टाका.

आता तिची कामं रकान्यात बसवू. चालताना ती सॅकमध्ये, पाठीशी. संध्याकाळी तिची खोळ करून डोक्यावरून घ्या, धनगर घेतो तशी, गळ्याशी लाकडाची छोटी खुंटी किंवा बाभळीचा काटा टोचा, हात मोकळे राहतात, स्वयंपाक करता येतो, वेगळं जाड जॅकेट न्यायची गरज उरत नाही. म्हणजे एक किलोभर वजन इथे वाचलं. रात्री पांघरूण. पहाटे परत खोळ. कुठेही टक्कर नाही. खोळ नीट बसावी म्हणून मी घोंगडीच्या लांब कडेला सुती नाडीचे चार-पाच फास शिवतो आणि समोरच्या कडेला लाकडी गुंड्या, रात्री याच गुंड्या लावून पायाकडची बाजू पिशवीसारखी बंद होते आणि कुशी बदलली तरी पाठ उघडी पडत नाही. घोंगडीला कात्री लावू नका, भोक पाडून पाँचो करायचा मोह होतो बऱ्याच जणांना, पण त्या भोकातून रात्रभर गार हवा येते आणि वीण उसवत जाते ती वेगळी. जे काही जोडायचं ते कडेला, दाभणाने, लोकरीच्याच किंवा जाड सुती दोऱ्याने.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. धनगर घोंगडीवर हिवाळा काढतो, खरंय, पण त्याचं बिऱ्हाड घोडीवर असतं, शेजारी मेंढ्या असतात, शेकोटी असते, बरोबर घरची माणसं असतात आणि कुठल्या शेतात मेंढ्यांचा वाडा बसवायचा याची पिढ्यांची जाण असते. त्याची एक वस्तू उचलून आपण तेवढंच उबदार राहू अशी अपेक्षा ठेवू नका. त्याच्याकडून शिकायचं ते वस्तू वापरायची रीत.

खालची बाजू. इथे दोन वस्तू. एक जेन, म्हणजे लोकर न विणता ओली करून, दाबून, गुंडाळून केलेलं जाड अंथरूण. विणलेलं कापड अंगाच्या वजनाने चेपतं आणि त्यातली हवा जाते, जेन बरीच कमी चेपते म्हणून अंगाखाली तीच. पूर्ण माणसाच्या लांबीची नेऊ नका, खांद्यापासून कुल्ल्यापर्यंत पुरेल इतकी, तीन फूट लांब आणि दीड-पावणेदोन फूट रुंद, बोटभर जाड, वजन पाऊण किलोच्या आसपास. हिची दिवसाची नोकरी फार चांगली आहे. घडी घालून सॅकच्या पाठीच्या खिशात सरकवा, तीच सॅकची फ्रेम आणि तीच पाठीची गादी, वेगळी फोमची शीट लागत नाही, आणि पाठीचा घाम ती शोषते. विश्रांतीला खडकावर बसायला बाहेर काढा. रात्री अंगाखाली. फक्त मुक्कामाला पोचल्या पोचल्या तासभर वाऱ्यावर टांगा, घामाची वाफ गेली पाहिजे, नाहीतर रात्री तीच ओल तुम्हाला खालून लागेल.

दुसरी वस्तू मला सगळ्यात आवडते, कारण ती जवळजवळ रिकामी न्यायची असते. मांजरपाटाची, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाची, एक लांब खोळ शिवा, ६ फूट बाय सव्वादोन फूट, एका टोकाला नाडी. वजन ३००-३५० ग्रॅम. डिसेंबर-जानेवारीत मावळात, भोरकडे, अकोले तालुक्यात भाताची झोडणी होऊन गेलेली असते आणि गावात घरोघरी पेंढा रचलेला असतो. पायथ्याच्या वाडीत मुक्काम असेल तर मालकाला विचारून, पैसे देऊन पेंढा घ्या, खोळीत भरा, झाली गादी. हाताने जोर देऊन दाबल्यावर खालच्या जमिनीपर्यंत निदान चार बोटं उरली पाहिजेत इतका भरा, सुरुवातीला अगदी फुगलेली वाटेल पण अंगाखाली तासाभरात बसते. पेंढ्याच्या नळ्या आतून पोकळ असतात, त्यातली हवाच तुम्हाला जमिनीपासून तोडते. सकाळी पेंढा झटकून, कोरडा, जिथल्या तिथे परत, गुरांच्या तोंडचा घास आहे तो, त्यात मेण, साबण, कचरा जाता कामा नये. भरायच्या आधी उन्हात पसरून काठीने हलवा, विंचू आणि गोचीड दोन्ही निघू शकतात, आणि कुबट वासाचा, काळपट पडलेला पेंढा असेल तर सरळ नको म्हणा, त्याच्या बुरशीने खोकला लागतो. हीच खोळ चालताना सॅकच्या आतलं अस्तर होते, कपडे-अंथरूण सगळं तिच्यात आणि नाडी बांधलेली, धूळ जात नाही. म्हणजे दोन रकाने, टक्कर नाही.

गडावर मुक्काम असेल तर पेंढा नाही मिळणार आणि तिथलं गवत कापायचं नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे, बरेच किल्ले पुरातत्त्व खात्याकडे संरक्षित आहेत, कुठे राहायला परवानगी आहे कुठे नाही ते आधी वनखात्याला आणि गावात विचारा. खरं सांगायचं तर या प्रकारच्या गिअरची मजा पायथ्याच्या वाडीत, एखाद्याच्या पडीक शेतात किंवा खळ्यावर परवानगीने राहण्यातच आहे, दिवसा वर जाऊन यायचं.

आता टार्प. वरून आकाश आणि दव अडवायला छप्पर हवंच, अगदी पातळ असलं तरी चालतं, कारण आपल्याकडे ते पावसासाठी कमी आणि दवासाठी जास्त. झाडाखाली झोपलं तर दव कमी लागतं ते याचमुळे, आणि पांघरूण कोरडं राहिलं की निम्मी लढाई जिंकली. तंबूसारखं बंद करू नका, दोन्ही टोकं उघडी आणि वाऱ्याकडची बाजू जमिनीला टेकलेली, एवढं पुरतं, श्वासाची वाफ आत साचत नाही.

कापड कोणतं, तर जितकी वीण घट्ट तितकं चांगलं. सुती धागा ओला झाला की फुगतो आणि विणीतली भोकं बंद होत जातात, याच गुणावर मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांच्या पोशाखासाठी व्हेंटाइल नावाचं कापड काढलं होतं, त्यात मेण-रबर काही नाही, नुसतं बारीक लांब धाग्याचं घट्ट सूत. आपल्याला तेवढं मिळणार नाही पण दुकानात कापड उजेडासमोर धरा, ठिपके ठिपके उजेड दिसला तर पुढचं बघा. साधारण २०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम भरेल असं घ्या. ८ फूट बाय ८ फूट टार्प म्हणजे ढोबळ ६ चौरस मीटर, १२०० ग्रॅम कापड, मेण लावल्यावर १६००-१७०० ग्रॅम. दोघांत एक पुरतो, एकट्याला जड वाटत असेल तर ६ बाय ८ करा.

मेणाचं मिश्रण मी वजनाने दोन भाग मधमाशीचं मेण आणि एक भाग जवसाचं तेल असं करतो. मेण ६२-६४ अंशाला वितळतं, म्हणून गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट गॅसवर कधीच नको. ब्रशने पातळ थर, मग इस्त्री कमी आचेवर मधे जुनं सुती कापड ठेवून, म्हणजे मेण धाग्यात मुरतं. नुसतं मेण लावलं तर थंडीत घडीवर पांढऱ्या रेषा पडून तडे जातात, तेलाने ते लवचिक राहतं, पण तेल जास्त झालं तर मार्च-एप्रिलमध्ये कोकणात सगळं चिकट. आणि हे मनापासून सांगतोय, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना त्या तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्या हवेत दोरीवर एकेक पसरून वाळवा, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. टार्पही सावलीत टांगून आठवडाभर वाळू द्यायचा. मेण लावलेलं कापड पेटतंही लवकर, तेव्हा त्याच्या जवळ चूल नको.

टार्पचा दिवसाचा उपयोग म्हणजे सॅकवर गुंडाळायचा, सगळ्यात बाहेर. अवकाळीचा शिडकावा आला तर सॅक वाचते, आणि थांबायचं झालं तर तोच पटकन डोक्यावर. संध्याकाळी वाऱ्याचा आडोसा. रात्री छप्पर. खाली ग्राउंडशीट म्हणून मात्र तोच दुमडून वापरू नका, गुडघा किंवा कोपर टेकलं की दाबाने ओल मेणातूनही वर येते, आणि रात्रीच्या रकान्यात त्याचं नाव आधीच लागलेलं आहे. खाली सॅक मोकळी करून पायाकडे पसरा, पायाला जेन नाही त्यामुळे तिथे रिकामी सॅक बरोबर बसते.

सॅक अगदी साधी ठेवा. जाड कॅनव्हासची गोणीसारखी पिशवी, ४५ लिटरच्या आसपास, वरून दुमडून बांधायची, आत जेनसाठी खिसा. पट्ट्यांना खाटेची सुती नवार वापरा, दोन-अडीच इंच रुंद, तिच्याइतका चांगला खांद्याचा पट्टा नैसर्गिक मालात मला दुसरा मिळालेला नाही, खांद्यावर येतो तिथे दुहेरी करून मधे लोकरीचा पातळ थर. जोड जिथे येतो तिथे नवार नुसती टाचू नका, आत चार-पाच इंच जाऊ दे आणि चौकोन करून त्यात फुली, दोरा मेणावरून ओढून घ्या. बक्कल ऐवजी लाकडी खुंटी आणि दोरीचा फास. झिप कुठेही नाही. पट्टा वरून सुटा होईल असा ठेवलात तर रात्री तोच टार्पच्या कोपऱ्याला लांबवणी म्हणून जातो.

काठी आणि दोरी. काठी भरीव बांबूची, तळकोकणात माणगा मिळतो तो उत्तम, काटे नसतात आणि जवळजवळ भरीव असतो, साडेचार-पाच फूट. चालताना हातात, रात्री टार्पचा खांब, वजन पाठीवर शून्य. हिवाळ्यात तोडलेला बांबू घ्या आणि महिनाभर सावलीत वाळवा, कोवळा असेल तर भुंगा पोखरतो.

दोरी अंबाडीची किंवा घायपाताची. आता हे लक्षात ठेवा की नैसर्गिक दोरी ओली झाली की आखडते. संध्याकाळी तुम्ही टार्प ढोलकीच्या कातड्यासारखा ताणून बांधलात तर दव पडल्यावर दोऱ्या अजून आखडतील आणि मध्यरात्री मेख उपटून टार्प अंगावर येईल, किंवा कापडाचा कोपरा फाटेल. म्हणून झोपायच्या आधी प्रत्येक दोरी दोन बोटं सैल करा. गाठही सुटणारी मारा, ओल्या सुती दोरीची गाठ सकाळी गारठलेल्या बोटांनी सुटत नाही. काथ्या पाण्यात लवकर कुजत नाही पण हाताला बोचतो आणि ताकद कमी, तो मेखांपुरता. आणि यातली कुठलीही दोरी माणसाच्या वजनासाठी नाही, रॉकपॅचला (खडक चढायच्या टप्प्याला), विहिरीत उतरायला, कशालाही नाही. तिथे नायलॉनचाच क्लाइंबिंग रोप, त्यात तडजोड नको.

अंगावरचे कपडे. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर बेपत्ता झालेल्या जॉर्ज मॅलरीचा मृतदेह १९९९ मध्ये सापडला, त्यावरच्या कपड्यांवरून २००६ मध्ये हुबेहूब नक्कल बनवली गेली, आणि गिर्यारोहक ग्रॅहॅम हॉयलँड यांनी ती एव्हरेस्टवर घालून बघितली. रेशीम, सुती, लोकर असे पातळ पातळ थर आणि वर गॅबर्डिन, म्हणजे घट्ट विणीचं कापड. चालताना ते कपडे हलके आणि आरामाचे ठरले, पण तिथे उघड्यावर रात्र काढायला पुरले नसते. आपल्यासाठी यात दोन गोष्टी आहेत, एक म्हणजे एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर, आणि दुसरी म्हणजे चालतानाची ऊब आणि झोपेतली ऊब हे दोन वेगळे हिशोब आहेत.

चढताना सुती चालतं, आपल्याकडे दिवसा ऊन चांगलं असतं. पण मुक्कामाला पोचल्यावर पाच मिनिटांच्या आत तो घामेजलेला सुती टीशर्ट उतरवायचा, अंग पुसायचं आणि झोपेचा कोरडा जोड घालायचा. हा जोड दिवसा कधीही, कितीही थंडी वाजली तरी वापरायचा नाही. एवढी एक गोष्ट मी मुद्दाम एकाच कामाला ठेवतो. लोकरीचे मोजे आणि कानटोपी तशीच, झोपेची वेगळी.

घोंगडी अंगाला टोचते ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय जुनी सुती नऊवारी. वापरून वापरून मऊ झालेलं लुगडं अर्धं करा, ते चार मीटरचं अर्धं मधे दुमडून दोन मीटर लांबीची दुहेरी खोळ शिवली की आतलं अस्तर झालं, वजन पाव किलोच्या वरखाली. पैसे असतील तर विदर्भातलं टसर घ्या, भंडारा-गडचिरोलीकडे होतं, रेशीम अजून हलकं आणि लवकर वाळतं. उरलेल्या अर्ध्या लुगड्यातून एक मोठा चौकोन कापून वेगळा ठेवा, तो दिवसभराचा नोकर, डोक्याला, गळ्याला, हात मोडलाच तर झोळी म्हणून, आणि पाणी गाळायला. बांगलादेशात शास्त्रज्ञ रिटा कॉलवेल यांच्या गटाने जुन्या साडीची घडी करून पाणी गाळायला लावलं आणि कॉलऱ्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं, तो अभ्यास २००३ चा आहे. तरीही ट्रेकला गाळलेलं पाणी उकळूनच प्या, गाळण्याने गाळ आणि मोठे जीव अडतात, सगळे जंतू नाहीत. आणि हा चौकोन आणि झोपेचं अस्तर एकच करू नका, पाणी गाळलेलं कापड संध्याकाळी ओलं असतं आणि अस्तर तेव्हा कोरडं लागतं, परत तोच रकान्यांचा नियम.

वजनाची बेरीज करू. घोंगडी २.२ किलो, जेन ०.७, टार्प १.६, पेंढ्याची खोळ ०.३५, अस्तर ०.२५, दोऱ्या-मेखा ०.३, सॅक १.२, म्हणजे ६.६ किलोच्या आसपास. बाजारातला साधा सिंथेटिक सेट, टेंट-स्लीपिंग बॅग-मॅट-सॅक मिळून पाच किलोच्या घरात जातो, वर जाड जॅकेट वेगळं, ते इथे घोंगडीने वाचवलंय. म्हणजे फरक अर्ध्या-पाऊण किलोचा आहे. तो दोन रात्रींसाठी मला मान्य आहे, आठवडाभराच्या रेंज ट्रेकला मी हा सेट नेणार नाही.

आणि मर्यादा. निरोगी माणसाला, पोटभर जेवून, तीन थर घालून, कोरड्या हवेत हा सेट साधारण ५ अंशांपर्यंत चालतो. त्याच्या खाली नाही. हिमालयात बर्फात जायचं असेल, उत्तराखंड असो की हिमाचल, तर रेटिंग असलेली (किती अंशांपर्यंत चालते ते लिहिलेली) स्लीपिंग बॅग आणि पक्का तंबू घ्या. तिकडच्या गद्दी मेंढपाळांचा लोकरीचा चोळा आणि कमरेला गुंडाळलेला काळ्या लोकरीचा डोरा बघून, अभ्यासून या, चोळ्याच्या पोकळीत कोकरू ठेवतात इतकं सुंदर डिझाइन आहे ते, पण ते त्या माणसांच्या सवयीचं आहे. इकडेसुद्धा अवकाळीचा अंदाज असेल तर मुक्काम रद्द करा, भिजलेली घोंगडी दुप्पट जड होते आणि दोन दिवस वाळत नाही.

शेकोटीवर अवलंबून डिझाइन करू नका. जानेवारीत गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने वणवा लागतो आणि अख्खा डोंगर काळा होतो, गुरांचा चारा जातो. वाडीत मालकाच्या अंगणात चूल असेल तिथेच शेका. आणि थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी टार्पखाली, कडा बंद करून, कधीही नाही, तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूने झोपेत जीव जातो, आणि त्याला वास नसतो.

बनवायचा क्रम असा ठेवा की आधी पेंढ्याची खोळ आणि लुगड्याचं अस्तर, एका रविवारात होतं, शिलाई मशीनही लागत नाही, धावदोरा पुरतो. मग घोंगडी घेऊन भिजवणं-तुडवणं. एवढं झालं की घराच्या गच्चीवर थंडीतली एक रात्र झोपून बघा, पेंढा नसेल तर खोळीत वाळलेली पानं किंवा जुने कपडे भरून. कुठून गार लागतं ते अंगाला कळेल, पाय की कंबर की मान, त्याप्रमाणे गुंड्या आणि फास हलवा. टार्प त्यानंतर आणि सॅक सगळ्यात शेवटी शिवा, कारण आत काय आणि किती जाणार हे तोपर्यंत नक्की झालेलं असतं, तिचं माप त्यावरून काढायचं.

परत आल्यावर घोंगडी आणि जेन धुवायची घाई नको, दिवसभर कडक उन्हात टाका, झटका, आणि पूर्ण सुकल्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंडाचे तुकडे घालून सुती कापडात बांधून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. कसर लागते ती मळक्या, दमट आणि हात न लागलेल्या लोकरीला, म्हणून पावसाळ्यात ऊन पडलं की महिन्यातून एकदा तरी बाहेर काढून उलगडा, घड्यांच्या आत आणि शिवणीशी नीट बघा, आणि टार्पची घडी दर वेळी वेगळ्या जागी पाडा, म्हणजे मेणाला एकाच रेषेवर तडा जात नाही.